वृत्तांच्या वहीतील तेरा वर्तुळे

बी. ए. तृतीय वर्ष, मराठी

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ चार दिवस आमच्याकडे गंगाखेडला राहावयास आला होता. येताना फराळाच्या डब्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तकही घेऊन आला. तो संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात शिकतो. बाकीचे सर्व विषय सुटले. पण एक विषय लागोपाठ दोनदा राहिला, आणि तिसऱ्या खेपेलाही राहिला तर वर्ष जाणार. विषयाचे नाव 'फॉर्मल लँग्वेजेस अँड ऑटोमेटा थिअरी'. मावशी बिचारी त्याला "तो टमाट्याचा पेपर" म्हणते. मराठीत सांगावयाचे तर आकारिक भाषा आणि स्वयंचल यंत्रे यांचा सिद्धांत. मराठी नाव घेतल्याने विषय सोपा होतो असे मात्र नाही.

दुपारच्या वेळी तो ओसरीवर बसून पुस्तकातली वर्तुळे आणि बाण पाहत होता. मी शेजारी वृत्तांची वही घोकत होतो. दोघांचेही चेहरे सारखेच उतरलेले. मध्येच माझ्या वहीत डोकावून त्याने विचारले, "हे अर्धचंद्र आणि आडव्या रेघा कसल्या रे?" मी म्हणालो, "दादा, अर्धचंद्र म्हणजे लघू आणि रेघ म्हणजे गुरू. हे भुजंगप्रयात वृत्त आहे." मग एखादी ओळ त्या वृत्तात बसते की नाही हे कसे पाहतात, ते मी त्याला करून दाखविले. तो जरा वेळ गप्प राहिला. नंतर माझ्याच वहीच्या मागच्या पानावर त्याने ओळीने तेरा वर्तुळे काढली आणि म्हणाला, "अरे, हे तर आमच्या पहिल्या प्रकरणातले यंत्र आहे!"

त्या तेरा वर्तुळांची हकिकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू. मी मराठीचा विद्यार्थी. या शास्त्रातले माझे ज्ञान त्या चार दिवसांचे आणि त्यानंतर चाळलेल्या दोन-तीन पुस्तकांचे. जाणकार प्राध्यापकांनी चुका पदरात घ्याव्यात.

प्रथम 'भाषा' या शब्दाचा उलगडा केला पाहिजे, कारण आपण मराठीवाले तेथेच अडखळतो. आपल्याला भाषा म्हटले की अर्थ, भाव, म्हणी, आईचे बोलणे असे सारे आठवते. संगणकशास्त्रात यातले काहीच नाही. चिन्हांची एक छोटीशी वर्णमाला घ्यावयाची. त्या चिन्हांच्या ज्या ज्या माळा ओवता येतील, त्यांपैकी काही चालतात आणि बाकीच्या चालत नाहीत असे ठरवावयाचे. चालणाऱ्या माळांचा जो संच, ती भाषा. झाले. अर्थाशी देणेघेणे नाही, म्हणूनच तिला आकारिक म्हणावयाचे.

आता आपल्या वृत्तांकडे या नजरेने पाहा. वर्णमाला दोनच चिन्हांची : ल आणि ग. बारा अक्षरांच्या चरणात लघू-गुरूंच्या किती रचना संभवतात? प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणून दोनाचा बारावा घात, म्हणजे 4096. हा हिशेब काही संगणकवाल्यांनी प्रथम मांडलेला नाही. पिंगलाच्या छंदःसूत्रात या सर्व रचना क्रमाने मांडण्याची रीत आहे. तिला प्रस्तार म्हणतात. कितवी रचना कोणती, आणि अमुक रचना कितवी, हे काढण्याच्याही रीती तेथे आहेत. या 4096 रचनांपैकी एक भुजंगप्रयात, एक तोटक, एक द्रुतविलंबित, एक वंशस्थ. कवींनी वापरलेल्या मूठभर. उरलेल्या हजारो तशाच पडून आहेत.

भुजंगप्रयात म्हणजे य गण चार वेळा. य गण म्हणजे लघू, गुरू, गुरू. समर्थांचे मनाचे श्लोक याच चालीचे, म्हणून ही चाल बहुतेकांच्या कानात बसलेली असते. उदाहरणासाठी मी त्याला ही ओळ करून दिली : 'नदीच्या किनारी उभा एक वाडा'. ओळ माझीच आहे. काव्य म्हणून तिची परीक्षा घेऊ नये. न-दी-च्या, कि-ना-री, उ-भा-ए, क-वा-डा. चार वेळा लगग.

दादाचे यंत्र असे. तेरा वर्तुळे एका ओळीत, पहिले ते तेरावे. यंत्र पहिल्या वर्तुळात उभे. अक्षर लघू आले तर दुसऱ्यात जा. तेथे गुरू आले तर तिसऱ्यात जा. असे करीत बारा अक्षरे संपताना तेराव्या वर्तुळात पोहोचलात तर ओळ मंजूर. वाटेत नको ते अक्षर आले, तर खाली एक चौदावे वर्तुळ आहे. त्यात जाऊन पडावयाचे आणि तेथून पुन्हा बाहेर यावयाचे नाही. मी त्या चौदाव्याला 'वृत्तभंग' असे नाव दिले. त्यांच्या पुस्तकात त्याला 'ट्रॅप' म्हणतात, म्हणजे सापळा. 'नदीच्या काठावर एक वाडा' अशी ओळ द्या : न, दी, च्या येथपर्यंत सारे सुरळीत, आणि चौथ्या अक्षरी लघू हवा तेथे 'का' आला की यंत्र सापळ्यात.

या वर्तुळाला ते 'स्टेट' म्हणतात. आपण अवस्था म्हणू. अवस्था म्हणजे यंत्राची सारी स्मरणशक्ती. परभणी जंक्शनवर उभ्या असलेल्या गाडीचे उदाहरण घ्या. एक वाट मनमाडकडे, एक पूर्णेकडे, एक गंगाखेडमार्गे परळीकडे. पुढे कोठे जाता येईल ते गाडी आता कोठे उभी आहे यावर ठरते; ती कोठून आली हे रुळांना ठाऊक नसते. आपले यंत्रही तसेच. आठव्या वर्तुळात उभे असलेल्या यंत्राला मागची सात अक्षरे आठवत नाहीत. ती बरोबर होती, एवढेच त्याच्या तेथे असण्यावरून कळते. अशा मोजक्या अवस्थांच्या यंत्राला 'फायनाइट ऑटोमॅटन' म्हणतात, आणि अशा यंत्राला ओळखता येणाऱ्या भाषेला 'रेग्युलर' भाषा, म्हणजे नियमित भाषा. या कल्पनेचा उगम गमतीदार आहे. 1943 साली मॅक्‌कलक आणि पिट्स या दोघांनी मेंदूतील पेशींचे एक गणिती चित्र मांडले. त्यावरून क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाने 1956 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा यंत्रांना नेमक्या कोणत्या माळा ओळखता येतात, हे सिद्ध करून दाखविले. म्हणजे सुरुवात मज्जापेशींपासून झाली. संगणक मागून आला.

आपल्या शाळेत गण पाठ करण्यासाठी एक सूत्र शिकवितात : यमाताराजभानसलगा. ते मी सातवी-आठवीपासून नुसते बडबडत आलो. दादाने ते कागदावर लिहून घेतले आणि तीन-तीन अक्षरांची खिडकी त्यावरून सरकवीत नेली. यमाता म्हणजे लगग, तो य गण. मातारा म्हणजे गगग, तो म गण. ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. दहा अक्षरांत आठही गण येऊन जातात, एकही दोनदा येत नाही आणि एकही सुटत नाही. याहून आखूड सूत्र होऊच शकत नाही, कारण तीन अक्षरांच्या आठ खिडक्या हव्यात तर किमान दहा अक्षरे लागतातच. दादा म्हणाला की हेही एक यंत्रच आहे. त्यात चारच अवस्था, कारण शेवटची दोन अक्षरे ध्यानात ठेवली की पुढचे अक्षर येताच गणाचे नाव सांगता येते. कुणी रचले हे सूत्र कोण जाणे, पण रचणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक असले पाहिजे.

मात्रावृत्तांत गंमत आणखी वाढते. तेथे लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आर्येच्या पहिल्या चरणाच्या बारा मात्रा. (मोरोपंतांच्या ज्यांना आपण आर्या म्हणतो त्या बहुतांशी गीती आहेत, हे सरांनी वर्गात सांगितले आहेच. आर्येचे आणखीही नियम आहेत, ते येथे सोडून देतो.) बारा मात्रांच्या यंत्रालाही तेराच वर्तुळे लागतात. फरक इतकाच की लघूचा बाण शेजारच्या वर्तुळाला जातो आणि गुरूचा बाण एक वर्तुळ ओलांडून पुढच्याला. भुजंगप्रयाताचे यंत्र एकच रचना मंजूर करते; हे मात्र 233 रचना मंजूर करते. हा आकडा असा निघतो : एका मात्रेत एक रचना, दोन मात्रांत दोन, तीन मात्रांत तीन, आणि पुढे प्रत्येक वेळी मागच्या दोन आकड्यांची बेरीज. कारण शेवटचे अक्षर एकतर लघू असणार किंवा गुरू. पाच, आठ, तेरा, एकवीस असे करीत बाराव्या पायरीला 233. ही संख्यामाला जगात फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचे पुस्तक 1202 सालचे. आपल्याकडे छंदःशास्त्रकार विरहांक आणि त्यानंतर बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्र यांनी हाच हिशेब मात्रांसाठी त्याच्या आधी करून ठेवला होता.

गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी, तेव्हा अभंगाची आठवण न होणे अशक्य. थोरल्या अभंगात पहिल्या तीन चरणांची सहा-सहा अक्षरे, चौथ्याची चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. मला वाटले, यमक आले म्हणजे यंत्र हरले. त्याला दुसऱ्या चरणाचा शेवट कोठून आठवणार? दादा म्हणाला, तसे नाही. शेवटी येऊ शकणारे ध्वनी किती? शंभर, पाचशे, हजार, पण मोजके. प्रत्येकासाठी वर्तुळांची एक वेगळी रांग लावावयाची. यंत्र अवाढव्य होईल, पण अवस्था मोजक्याच राहतील. काय लक्षात ठेवावयाचे याला आधीच मर्यादा घालता आली, की काम या यंत्राच्या आवाक्यात येते. जात्यावरच्या ओव्यांपुढे मात्र ते खरोखर हतबल होते, पण निराळ्या कारणाने. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कोणत्याही चार ओव्या घेऊन अक्षरे मोजू लागलात तर हिशेब जुळत नाही. बाई जात्याच्या फेऱ्याबरोबर एक अक्षर लांबविते, दुसरे गिळते. चाल तिच्या हातात असते, कागदावर नसते. तेथे यंत्र कमजोर पडते असे म्हणण्यापेक्षा आपण त्याच्या हाती चुकीची वस्तू दिली असे म्हणावे.

हीच अडचण थोड्या वेगळ्या रूपाने वृत्तांतही आहे. लघू-गुरू ठरविताना पुढचे अक्षर पाहावे लागते. 'सत्य' मधला स ऱ्हस्व असूनही गुरू, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. 'तुझ्या' मधला तु मात्र लघूच, कारण झ्या उच्चारताना मागे आघात येत नाही. म्हणजे स वाचला त्या क्षणी यंत्राला त्याचा निकाल लावता येत नाही. यावर दोन उपाय. एक तर, एक ऱ्हस्व अक्षर निकालावाचून शिल्लक आहे, एवढे लक्षात ठेवून पुढे जावे. किंवा सरळ अंदाज करावा : गुरू धरू, पुढे खोटे ठरले तर ती वाट सोडून देऊ. अशा अंदाज करणाऱ्या यंत्राबद्दल रॅबिन आणि स्कॉट यांनी 1959 साली एक निबंध लिहिला, आणि 1976 साली त्याबद्दल दोघांना संगणकशास्त्रातील मानाचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. त्यांचा निष्कर्ष असा की मोजक्या अवस्थांच्या यंत्रात अंदाज करणाऱ्याला साध्या यंत्रापेक्षा काहीही अधिक साधत नाही. दादाने हे पुस्तकातून तीनदा वाचले होते, पण डोक्यात शिरले नव्हते. आईने चिंच फोडून चिंचोके वाळत टाकले होते, ते आम्ही घेतले. यंत्र ज्या ज्या वर्तुळात असू शकेल त्या प्रत्येकावर एक चिंचोका ठेवावयाचा. नवे अक्षर आले की प्रत्येक चिंचोका आपापल्या बाणांनी पुढे सरकवावयाचा. बाण नसेल तो उचलून टाकावयाचा. शेवटी एकही चिंचोका मंजुरीच्या वर्तुळावर असला की ओळ मंजूर. आता चिंचोक्यांची प्रत्येक मांडणी हीच एक अवस्था समजा. तेरा वर्तुळांवर अशा मांडण्या 8192 होतील. पुष्कळ झाल्या, पण मोजक्याच. अंदाज संपला. दादा त्या दिवशी प्रथमच हसला.

मग या यंत्राला जमत नाही असे आहे तरी काय? समजा, एखाद्या विक्षिप्त कवीने नियम केला : ओळीत आधी हवे तितके लघू यावेत आणि नंतर तितकेच गुरू यावेत. दोन असोत वा दोन हजार, फक्त संख्या सारखी हवी. असे यंत्र मी तेरा वर्तुळांत करतो असे कुणी म्हणू लागला, तर त्याला नुसते लघू द्यावयास लागा. एकही अक्षर न देता एक, आणि मग प्रत्येक अक्षरानंतर एक, अशा तेरा लघूंपर्यंत चौदा वेळा आपण यंत्राची अवस्था पाहू. अवस्था तेरा, पाहण्या चौदा. बिळे तेरा आणि उंदीर चौदा असले की एका बिळात दोन शिरणारच. समजा, चार लघूंनंतर आणि नऊ लघूंनंतर यंत्र एकाच वर्तुळात होते. आता पुढे चार गुरू द्या. चार लघू आणि चार गुरू ही ओळ यंत्राने मंजूर केलीच पाहिजे. पण मग नऊ लघू आणि चार गुरू ही ओळही ते मंजूर करील, कारण मागे चार होते की नऊ हे त्याला आठवतच नाही. यंत्र फसले. तेराच्या जागी तेरा लाख वर्तुळे घेतली तरी युक्तिवाद तोच. मला सगळ्या विषयातले हे स्थळ सर्वांत आवडले. यंत्र न पाहता, ते कुणी बांधले हे न विचारता, ते होणारच नाही हे ओसरीवर बसून सांगता येते.

दुसरे उदाहरण आपल्या लहानपणच्या खेळातले. 'रामाला भाला मारा' हे उलट वाचले तरी तेच. 'तो कवी डालडा विकतो' हेही तसेच. कितीही लांब असू शकणाऱ्या अशा माळा ओळखावयाच्या तर पहिला अर्धा भाग जसाच्या तसा लक्षात ठेवून उलट क्रमाने ताडून पाहिला पाहिजे. त्यासाठी यंत्राला एक जादा साधन देतात. आजीच्या घरी मडक्यांची उतरंड असे, ती डोळ्यांपुढे आणा. मडक्यावर मडके चढवीत जावयाचे. काढताना सर्वांत वरचेच आधी निघते, मधले ओढले तर सगळी उतरंड कोसळते. यंत्राने अक्षरे वाचता वाचता एकेक मडके चढवावे. मध्य ओलांडल्यावर एकेक उतरवून ताडून पाहावे. शेवटी उतरंड रिकामी झाली की ओळ मंजूर. उतरंड कितीही उंच होऊ शकते, म्हणून हे यंत्र पहिल्यापेक्षा बलवान. याला 'पुशडाऊन ऑटोमॅटन' म्हणतात.

आपली वाक्येही कधी कधी उतरंड मागतात. 'ज्या गाडीत, जो मुलगा कालच आजारातून उठला तो, चढला, ती गाडी परळीला गेली.' 'ज्या' ने एक मडके चढले, 'जो' ने दुसरे. 'तो' ने वरचे उतरले, 'ती' ने खालचे. बोलताना आपण असे सहसा बोलत नाही, कारण दोन-तीन मडक्यांपलीकडे आपलाही तोल जातो. पण व्याकरण त्याला मनाई करीत नाही. नोम चॉम्स्की या भाषावैज्ञानिकाने 1956 साली इंग्रजीच्या बाबतीत नेमके हेच दाखविले : मोजक्या अवस्थांचे यंत्र इंग्रजी वाक्यरचनेला पुरत नाही. पुढे 1959 मध्ये त्याने व्याकरणांची आणि त्यांना लागणाऱ्या भाषांची चढती उतरंडच मांडली. संगणकशास्त्राच्या मुलांना ती पाठ करावी लागते. तिचा कर्ता भाषेचा अभ्यासक होता, हे आपल्या शाखेच्या मुलांना कुणी सांगत नाही.

संगणकाला आज्ञा देण्याच्या कृत्रिम भाषांनाही व्याकरण लागते. बॅकस या गृहस्थाने 1959 साली त्यासाठी नियम लिहिण्याची एक पद्धत काढली, आणि नाउर याने ती सुधारून 1960 च्या 'अल्गॉल' भाषेच्या अहवालात वापरली. एका नावाच्या जागी दुसरी नावे किंवा चिन्हे ठेवावयाची, असे ते नियम. 1967 साली इंगरमन याने एका पत्राद्वारे सुचविले की अशीच पद्धत पाणिनीने फार पूर्वी वापरली आहे, तेव्हा तिला पाणिनी-बॅकस पद्धती म्हणावे.

येथे थोडे विषयांतर करतो. स्नेहसंमेलनातल्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येते, की संगणकासाठी जगातली सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे असे अमेरिकेतील अवकाश संस्थेने जाहीर केले आहे. टाळ्याही पडतात. मूळ गोष्ट इतकीच, की त्या संस्थेच्या एका केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज याने 1985 साली एका नियतकालिकात लेख लिहिला. वाक्याचा अर्थ उलगडण्याची आपल्या वैयाकरणांची रीत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची रीत यांतले साम्य त्याने दाखविले. संस्थेने काही जाहीर केले नाही, आणि आज कोणी संस्कृतात संगणक चालवीत नाही. पाणिनीचे मोठेपण अशा टाळ्यांवर उभे नाही. त्याने सुमारे चार हजार सूत्रांत एक भाषा बांधली. चौदा शिवसूत्रांतून वर्णांचे गट दोन अक्षरांत पकडले. अमुक वर्णापुढे तमुक आला तर त्याचे काय होते, असे नियम एकामागून एक लावले. इति अधिक आदि म्हणजे इत्यादि : इ पुढे निराळा स्वर आला म्हणून इ चा य झाला. अमुकाच्या शेजारी तमुक बदलतो, अशा धर्तीचे ध्वनिनियम दिसावयास अवघड, पण एका मर्यादेत राहून लावले तर मोजक्या अवस्थांच्या यंत्रालाही पेलतात, हे जॉन्सन याने 1972 साली दाखविले. म्हणजे संधीचा नियम आणि आपली तेरा वर्तुळे एकाच जातीची. हे सांगितले तर टाळ्या पडणार नाहीत, पण ते खरे आहे.

अर्थाचे काय, हा प्रश्न आमच्या सरांनी विचारला. रास्तच आहे. 'दुधाचा किराणा उडाला सुताचा' ही ओळ पाहा. लगग चार वेळा, तेराव्या वर्तुळात बिनचूक पोहोचते, आणि तिला काडीचा अर्थ नाही. चॉम्स्कीनेही 1957 च्या पुस्तकात व्याकरणशुद्ध पण निरर्थक वाक्याचे असेच एक उदाहरण दिले आहे. यंत्र वृत्त तपासते, कविता तपासत नाही.

उतरंडीच्याही पलीकडे ट्यूरिंगचे यंत्र आहे. ते 1936 सालचे, म्हणजे या सर्वांच्या आधीचे. त्याला उतरंडीऐवजी हवी तेवढी लांब पट्टी असते. तिच्यावर पुढेमागे जाऊन लिहिता-खोडता येते. आजचा कोणताही संगणक तत्त्वतः याहून अधिक काही करू शकत नाही. आणि त्यालाही न सुटणारे प्रश्न आहेत. दोन वर्तुळयंत्रे दिली आणि विचारले की दोन्ही नेमक्या त्याच ओळी मंजूर करतात काय, तर उत्तर काढण्याची निश्चित रीत आहे. तोच प्रश्न उतरंडीच्या दोन व्याकरणांबद्दल विचारला, तर सर्व व्याकरणांना लागू पडेल अशी रीत नाही. सापडलेली नाही असे नव्हे, असूच शकत नाही.

हे सारे वहीपुरतेच आहे असे कुणी समजू नये. आपल्या खिशातल्या फोनवर मराठी लिहिताना हीच वर्तुळे काम करतात. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसते; फोनच्या लेखी ते सहा संकेत आहेत : स, हलन्ताचे चिन्ह, त, पुन्हा हलन्त, र आणि शेवटी दीर्घ वेलांटी. 'कि' मध्ये वेलांटी क च्या आधी दिसते, पण साठविली जाते क नंतर. अक्षर कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, हे ठरविण्यासाठी व्यंजन, मग हलन्त आणि आणखी व्यंजन असे कितीही वेळा, मग मात्रा असली तर मात्रा, अनुस्वार असला तर अनुस्वार, एवढा नियम पुरतो. तो नियमित भाषेचाच नियम आहे. वृत्त तपासणारा कार्यक्रम लिहावयाचा तर पहिली पायरी हीच. आघाताची दुसरी पायरी, तुझ्या आणि सत्य यांतला भेद, तो लिहिणाऱ्याला मराठी कानाने ठाऊक असावा लागेल. हे काम संगणकाच्या वर्गातल्या मुलाला एकट्याने करता येणार नाही, आणि मला एकट्यालाही नाही. आम्ही दोघांनी ते उन्हाळ्याच्या सुट्टीत करावयाचे ठरविले आहे. अर्थात तो पेपर सुटला तर.

जाण्याच्या आदल्या रात्री दादाने एक शंका काढली. उलटसुलट सारख्या ओळी ओळखणाऱ्या यंत्राला ओळीचा मध्य कोठे आहे हे कसे कळते? पुढे किती अक्षरे आहेत ते त्याला दिसत नाही. उत्तर असे की कळत नाही; ते अंदाज करते. मी म्हणालो, मग चिंचोके ठेवू. पण येथे चिंचोके चालत नाहीत. प्रत्येक अंदाजाची उतरंड वेगळी, आणि यंत्रापाशी उतरंड एकच. पुस्तकात पाहिले तर तसेच निघाले : मोजक्या अवस्थांच्या यंत्रातून अंदाज काढून टाकता येतो, उतरंडीच्या यंत्रातून प्रत्येक वेळी काढता येत नाही. दादा म्हणाला, हा प्रश्न दोन्ही वेळा पेपरात होता आणि दोन्ही वेळा त्याने नुसतीच व्याख्या लिहिली होती.

वहीचे मागचे पान तो फाडून घेऊन गेला. त्याचा पेपर एप्रिलात आहे. मागच्या आठवड्यात रात्री उशिरा त्याचा फोन आला. सराव म्हणून उत्तरे लिहीत होता, आवाज घाईचा. म्हणाला, "अरे, सगळे आठवते आहे, पण उतरंडीला इंग्रजीत काय म्हणतात तेच नेमके विसरलो."

मी म्हणालो, "दादा, स्टॅक."